ब्राउझरला नाव विचारू नका

जन्मतारखेचा रकाना असलेला फॉर्म तपासायला आला की मी त्यात आधी ३ एप्रिल भरतो. २५ डिसेंबर भरून फारसं काही कळत नाही. ही सवय लागली ती एका प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेशअर्जामुळे. तो माझ्याकडे दुरुस्तीला आला तेव्हा तक्रार साधीच होती: काही उमेदवारांचा अर्ज ‘तारीख चुकीची’ म्हणून पुढे सरकत नव्हता. पाहिलं तर ही सगळी मंडळी मॅकवर सफारी वापरणारी, आणि सगळ्यांचा जन्म महिन्याच्या १२ तारखेनंतरचा.

रकाना ‘डेट’ प्रकारचा होता. ज्या ब्राउझरला हा प्रकार येतो तो कॅलेंडर दाखवतो. ज्याला येत नाही तो काही न बोलता मजकुराची साधी चौकट दाखवतो. आधीच्या कुणीतरी यावर तोडगा काढून ठेवला होता. ब्राउझरच्या युजर एजंटमध्ये ‘सफारी’ शब्द सापडला तर त्याच्या स्वतःच्या कॅलेंडरवर विसंबायचं, नाहीतर लायब्ररीतलं कॅलेंडर लावायचं. आयफोनच्या सफारीत तारीख निवडायची सोय बरीच आधीपासून होती, आणि क्रोमही आपल्या ओळखीत सफारीचं नाव लावतो, म्हणून ही अट दोन्हीकडे खपून गेली. मॅकवरच्या सफारीत मात्र २०२१ मधल्या १४.१ आवृत्तीपर्यंत कॅलेंडर नव्हतंच. तिथे साधी चौकट आली आणि लोकांनी आपल्या सवयीने २५/१२/१९९८ लिहिलं. जावास्क्रिप्टने ते अमेरिकी क्रमाने वाचलं, तिला पंचविसावा महिना दिसला, अर्ज अडला.

खरी मेख पुढेच होती. ०३/०४/१९९८ लिहिणाऱ्यांची एकही तक्रार नव्हती. त्यांचा अर्ज सुरळीत गेला होता, फक्त ३ एप्रिलचा ४ मार्च होऊन. ५ मेला जन्मलेले तेवढे आपोआप वाचले! ज्यांचा अर्ज अडला ते नशीबवान म्हणायचे. बाकीच्यांच्या तारखा दाखल्यांशी ताडून बघाव्या लागल्या.

तेव्हापासून युजर एजंटवर माझा काडीचा विश्वास नाही. जवळजवळ प्रत्येक ब्राउझर स्वतःला मोझिला म्हणवतो, नवा एज क्रोम आणि सफारी दोघांचीही नावं सांगतो, आणि आयफोनवरच्या क्रोमच्या आत वर्षानुवर्षं सफारीचंच वेबकिट राहिलं. अशा ओळखीवरून कुवत ठरवणं म्हणजे आडनावावरून स्वयंपाक येतो का ते ताडणं.

त्यापेक्षा थेट काम देऊन बघा. स्क्रिप्टने एक इनपुट तयार करा. तो पानावर लावायचीही गरज नाही. त्याला सेटॲट्रिब्यूटने ‘डेट’ हा टाइप द्या आणि मग त्याचा टाइप हा गुणधर्म वाचा. प्रकार ओळखीचा असेल तर ‘डेट’ मिळेल, नसेल तर ‘टेक्स्ट’. इथे गेटॲट्रिब्यूट वापरलंत तर फसाल, कारण तुम्ही लिहिलेलंच ते परत वाचून दाखवतं. टाइप थेट गुणधर्मातून बदलायला गेलं तर जुना इंटरनेट एक्सप्लोरर एरर फेकायचा, म्हणून सेटॲट्रिब्यूट बरं.

पण होकारही पारखून घ्यावा. जुन्या काही वेबकिट आवृत्त्या ‘येतं’ म्हणायच्या आणि कॅलेंडर दाखवायच्या नाहीत. २००९ साली आलेल्या मॉडर्नायझर लायब्ररीने यावर छान युक्ती केली: रकान्यात मुद्दाम काहीतरी अर्थहीन मजकूर भरायचा. तारीख खरोखर समजणारा ब्राउझर तो पुसून टाकतो. जसाच्या तसा राहिला तर होकार पोकळ. अंकाचा रकानाही असाच रिकामा होतो, रंगाचा काळ्यावर येतो. ईमेल, फोन, शोध या प्रकारांना मात्र ही कसोटी लावू नका, तिथे मजकूर राहणारच. आणि मुळात त्यांची चाचणी कशाला? साधी चौकट आली तरी तिथे कुणाचं काही अडत नाही.

प्रत्येक प्रकार वेगळा विचारा. फायरफॉक्समध्ये तारखेचा रकाना २०१७ मध्ये आला, तारीख-वेळ एकत्र असलेला २०२१ मध्ये, आणि तेव्हाही त्याच्या डेस्कटॉप आवृत्तीत महिना आणि आठवडा नव्हतेच. एकाला हो म्हटलं म्हणून दुसरा येतो असं नाही.

चाचणी नापास झाली तर काय दाखवायचं, यावर माझं मत ठाम आहे: दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने, आणि महिना नावाने निवडायचा. एप्रिलला मार्च कुणी वाचू शकत नाही. वर्षाच्या रकान्यात कुणी १९९८ देवनागरी अंकांत लिहिलं तर जावास्क्रिप्टला ते आकडे वाटत नाहीत. आधी रूपांतर करून घ्या. ब्राउझरचं कॅलेंडर चाललं तर ही कटकट नाही. पडद्यावर तारीख कशीही दिसो, आत ती नेहमी वर्ष-महिना-दिवस अशीच मिळते. सर्व्हरनेही तोच साचा तपासावा आणि दुसरं काही आलं तर अंदाज न बांधता परत पाठवावं.

आपल्याकडचा एक खास खड्डा राहिला. ‘आजच्या पुढची तारीख नको’ म्हणून अनेकजण आजची तारीख टूआयएसओस्ट्रिंगने काढून मर्यादा घालतात. ती तारीख जागतिक वेळेची असते, आपण साडेपाच तास पुढे. त्यामुळे पहाटे साडेपाचपर्यंत फॉर्म ‘आज’ निवडूच देत नाही, आणि दिवसा चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. वर्ष, महिना आणि दिवस स्थानिक वेळेतून वेगवेगळे घ्या. महिना शून्यापासून मोजलेला मिळतो, त्यात एक मिळवा.