पोलीस स्मृतिदिन 21 ऑक्टोबरलाच का?

प्रश्न : दरवर्षी 21 ऑक्टोबरला हुतात्मा पोलिसांना मानवंदना देतात. मुंबईवरचा हल्ला तर नोव्हेंबरातला. मग ही तारीख आली कुठून? चीनशी संबंध आहे म्हणावं, तर सीमेवर लष्कर असतं ना?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि तिची दोन्ही टोकं एकाच गाठीत अडकली आहेत. 26/11 शी या तारखेचा संबंध नाही. ती त्याहून जवळपास 50 वर्षं जुनी आहे. संबंध आहे तो चीनशीच.

1959 पर्यंत तिबेटला लागून असलेल्या लडाखच्या सीमेवर गस्त घालायचं काम बऱ्याच अंशी पोलिसांकडे होतं. 20 ऑक्टोबर 1959 ला हॉट स्प्रिंग्ज या ठाण्यावरून तीन टेहळणी तुकड्या निघाल्या. दोन परतल्या. तिसरीत दोन शिपाई आणि एक हमाल होता. ते तिघे रात्रीपर्यंत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी अधिकारी करमसिंग वीसेक जवान घेऊन त्यांना शोधायला गेले. टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी वरून गोळीबार केला. खाली आडोसा नव्हता. दहा पोलीस ठार झाले, काही जण पकडले गेले. मृतदेह चीनने परत दिले ते 13 नोव्हेंबरला, तब्बल तीन आठवड्यांनी. अंत्यसंस्कार तिथेच, हॉट स्प्रिंग्जला, पोलीस इतमामात झाले. हे लोक चढाई करायला गेले नव्हते, हरवलेल्या साथीदारांना शोधायला गेले होते. ही तारीख मला फार समर्पक वाटते ती त्यामुळेच.

लडाखची सीमा लष्कराच्या ताब्यात गेली ती या घटनेनंतर. म्हणजे आज आपल्याला ‘सीमेवर पोलीस कसे?’ असा प्रश्न पडतो, त्याचं एक कारण हीच घटना आहे. पुढे जानेवारी 1960 मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने 21 ऑक्टोबर हा स्मृतिदिन ठरवला.

हा मान फक्त त्या दहा जणांचा आहे, असंही पुष्कळांना वाटतं. तसं नाही. आधीच्या 1 सप्टेंबरपासून 31 ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर प्राण गेलेल्या राज्य पोलीस आणि केंद्रीय दलांतल्या सर्वांची नावं त्या दिवशी संचलनात वाचली जातात. जवान ‘शोक शस्त्र’च्या आज्ञेवर बंदुका उलट्या धरून मान खाली घालतात. 26/11 च्या हल्ल्यात गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना दहशतवादी कसाबची बंदूक घट्ट धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे याच परंपरेतले, आणि गडचिरोलीत जांभूळखेड्याला 1 मे 2019 च्या भूसुरुंग स्फोटात गेलेले 15 पोलीसही.

दिल्लीत चाणक्यपुरीला 2018 पासून राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. तिथल्या शौर्यभिंतीवर उद्घाटनाच्या वेळीच 34 हजारांहून अधिक नावं कोरलेली होती. दिल्लीला गेलात तर तासभर काढून ती भिंत जरूर पाहा; सोबत मुलंही असू द्या.