घटक ४ : ‘डिस्क्रिशन’ – व्युत्पत्ती, अर्थपरिवर्तन आणि मराठी पर्याय

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• ‘डिस्क्रिशन’ या इंग्रजी शब्दाची व्युत्पत्ती सांगता येईल.
• त्याच्या अर्थपरिवर्तनाचे टप्पे उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
• त्याच्या मराठी पर्यायांतील भेद ओळखून संदर्भानुसार योग्य पर्याय निवडता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अर्थविस्तार, अर्थसंकोच आणि लक्षणा या संकल्पनांशी तुम्ही परिचित आहात. या घटकात एकच शब्द घेऊन त्या संकल्पना पडताळून पाहू. ‘डिस्क्रिशन’ हा शब्द तुम्ही दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमापूर्वीच्या सूचनेत वाचला असेल. कर्जाच्या करारपत्रात किंवा न्यायालयाच्या आदेशातही तो भेटला असेल. चांगल्या-वाईटाची पारख, निर्णयाचे स्वातंत्र्य आणि बोलण्यातला संयम हे तीनही अर्थ तो एकटा वाहतो.

हा अभ्यास केवळ शब्दकोशापुरता नाही. ‘अर्ज मंजूर करणे अधिकाऱ्याच्या डिस्क्रिशनवर अवलंबून राहील’ अशा आशयाचे इंग्रजी कलम मराठीत आणायचे आहे, असे समजा. एक भाषांतरकार लिहितो, ‘अधिकाऱ्याच्या मर्जीवर’. दुसरा लिहितो, ‘अधिकाऱ्याने सारासार विचार करून’. पहिले वाक्य वाचणारा अर्जदार हात जोडून उभा राहतो. दुसरे वाचणारा निर्णयाचे कारण विचारू शकतो. हा फरक कोठून येतो, ते आपल्याला पाहायचे आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ व्युत्पत्ती

लॅटिनमध्ये ‘केर्नेरे’ या क्रियापदाचा अर्थ चाळणे, वेगळे करणे. त्याला ‘वेगवेगळे’ या अर्थाचा ‘दिस्’ हा उपसर्ग लागून ‘दिस्केर्नेरे’ म्हणजे ‘एकापासून दुसरे निराळे काढणे’ हे क्रियापद झाले. त्याचे भूतकालवाचक विशेषण ‘दिस्क्रेतुस्’ आणि त्यापासून नाम ‘दिस्क्रेतिओ’. हे नाम जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि चौदाव्या शतकात तेथे रुळले.

‘केर्नेरे’च्या मुळाशी भाषाशास्त्रज्ञांनी ‘क्रेइ’ असा इंडो-युरोपीय धातू कल्पिला आहे. त्याचा अर्थ चाळणे, निवडून काढणे. या धातूचा वंशविस्तार मोठा आहे. लॅटिनमध्ये चाळणीला ‘क्रिब्रुम्’ म्हणतात. ग्रीकमधील ‘क्रिनेइन्’ म्हणजे निर्णय करणे. त्याच कुळातून इंग्रजीतील ‘क्रिटिक’, ‘क्रायसिस’ आणि ‘क्रायटेरियन’ हे शब्द आले. वेगळे काढून ठेवलेले ते ‘सीक्रेट’, आणि अशा गोष्टी ज्याच्या स्वाधीन तो ‘सेक्रेटरी’. ‘सर्टन’ म्हणजे निश्चित, हा शब्दही याच घरचा.

४.३.२ अर्थपरिवर्तनाचे टप्पे

(अ) वस्तूकडून विचाराकडे : आरंभी ‘दिस्क्रेतिओ’ म्हणजे केवळ वेगळेपणा किंवा वेगळे करणे. धान्य चाळावे तशी मनाने मते, हेतू आणि कृती चाळाव्यात, ही लक्षणा पुढे रूढ झाली. ख्रिस्ती मठांतील लेखनात या शब्दाला विशेष प्रतिष्ठा मिळाली. पाचव्या शतकातील जॉन कॅसियन आणि सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट या दोघांनी ‘दिस्क्रेतिओ’ला सर्व सद्गुणांची जननी मानले. उपवास चांगला, पण किती? शिस्त हवी, पण कोणाला किती कठोर? हे ठरविणारी बुद्धी नसेल, तर सद्गुणही अतिरेकाने बिघडतो, हा त्यामागील विचार होता.

(आ) बुद्धीकडून अधिकाराकडे : ज्याच्याजवळ पारख आहे, त्याच्यावर निर्णय सोपवावा, हे ओघाने आले. त्यामुळे ‘निर्णय करण्याची बुद्धी’ या अर्थाशेजारी ‘निर्णय करण्याची मुभा’ हा अर्थ उभा राहिला. येथे गुणवाचक शब्द त्या गुणावर सोपविलेल्या अधिकाराला लागला. पुढे कधी कधी गुण मागे पडून अधिकारच उरला. युद्धाच्या परिभाषेत ‘डिस्क्रिशनवर शरण जाणे’ म्हणजे कोणतीही अट न घालता जेत्याच्या इच्छेवर स्वतःला सोपविणे. येथे जेता विवेकी असलाच पाहिजे, अशी अपेक्षा शब्दात उरत नाही.

(इ) निर्णयाकडून संयमाकडे : काय बोलावे आणि काय पोटात ठेवावे हे ओळखणे, हाही पारखीचाच एक भाग. त्या एका भागापुरता शब्द वापरला जाऊ लागला, तेव्हा अर्थसंकोच होऊन ‘गोपनीयता राखणे, जपून वागणे’ हा अर्थ सिद्ध झाला.

सद्गुणाचे नाव सोयीसाठी कसे वापरले जाते, हे शेक्सपिअरने ‘चौथा हेन्री’ या नाटकाच्या पहिल्या भागात दाखविले आहे. फॉल्स्टाफ रणांगणावर मेल्याचे सोंग घेऊन जीव वाचवितो आणि त्या कृतीला ‘डिस्क्रिशन’ असे भारदस्त नाव देतो. आज त्याचे ते बोलणे अनेकदा गंभीर सुभाषितासारखे उद्धृत होते. मूळ प्रसंगातील उपहास मात्र विसरला जातो.

४.३.३ एका शब्दाचे दोन शब्द

लॅटिन ‘दिस्क्रेतुस्’पासून इंग्रजीत आज दोन विशेषणे आहेत. दोहोंचा उच्चार ‘डिस्क्रीट’ असाच. एकाच्या लेखनात दोन ‘ई’ शेजारी-शेजारी येतात. त्याचा अर्थ ‘जपून वागणारा’. दुसऱ्यात त्या दोन ‘ई’मध्ये ‘टी’ येतो; त्याचा अर्थ ‘सुटा, पृथक्’. गणितात आणि संगणकशास्त्रात हा दुसरा शब्द लागतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लेखनातील हा भेद स्थिर नव्हता. मूळचा ‘वेगळे’ हा अर्थ गणिताकडे गेला आणि ‘वेगळे ओळखणारा’ हा अर्थ माणसाच्या स्वभावाकडे राहिला.

४.३.४ मराठीतील समांतर कल्पना

आता आपल्या भाषेकडे वळू. ‘विवेक’ हा शब्द ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘विच्’ हा धातू यांपासून सिद्ध होतो. ‘विच्’ म्हणजे वेगळे करणे, विशेषतः धान्यापासून फोल पाखडून काढणे. ‘विवेचन’ आणि ‘विवेचक’ हे त्याचेच सगोत्र शब्द. लॅटिनमध्ये चाळणी, तर संस्कृतात सूप! येथे एक सावधगिरी बाळगावी : ‘क्रेइ’ आणि ‘विच्’ हे एक धातू नव्हेत. दोन भाषांनी स्वतंत्रपणे एकच रूपक निवडले आहे. यास वांशिक नव्हे, तर कल्पनेतील साम्य म्हणावे.

मराठीने हे रूपक स्वतःच्या बळावरही जोपासले आहे. आपण तांदूळ ‘निवडतो’, उमेदवारही ‘निवडतो’, आणि वादाचा ‘निवाडा’ करतो. ‘सारासार’ या समासात सार आणि असार वेगळे केलेले आहे. ‘तारतम्य’ची घडण तर खास अभ्यासण्याजोगी आहे : संस्कृतात तुलना दाखविणारे ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय (लघुतर, लघुतम) एकत्र येऊन हे भाववाचक नाम झाले. कमी-अधिकाची पायरी ओळखणे म्हणजे तारतम्य. संयमाच्या अर्थाला मात्र मराठीत ‘पोच’ हा घरगुती शब्द आहे. ‘त्याला बोलण्याचा पोच नाही’ या वाक्यात ‘विवेक’ घालून पाहा. अर्थ कळेल, पण वाक्य अवघडेल.

४.३.५ स्वविवेक की स्वेच्छा?

प्रशासकीय आणि वृत्तपत्रीय मराठीत ‘डिस्क्रिशन’साठी दोन प्रकारचे पर्याय आढळतात. ‘स्वविवेक’, ‘विवेकाधीन अधिकार’ हा एक गट; ‘स्वेच्छाधिकार’, ‘स्वेच्छानिर्णय’ हा दुसरा. पहिल्यात बुद्धी आहे, दुसऱ्यात इच्छा आहे. यांतील कोणता पर्याय योग्य, हे व्युत्पत्तीच्या आधारे ठरविता येईल काय? नाही. शब्दाचा आजचा अर्थ रूढीने ठरतो. ‘क्राइम’ हा शब्दही ‘क्रेइ’शी जोडला जातो, म्हणून कोणी गुन्ह्याला विवेक म्हणत नाही. म्हणून उत्तर वापरातच शोधले पाहिजे. येथे कायद्यातील वापर.

इंग्लंडमध्ये १५९८ साली ‘रूक खटला’ निर्णीत झाला. नदीचा बांध दुरुस्त करण्याचा खर्च आयुक्तांनी बांधालगतच्या एकाच जमीनमालकावर बसविला होता. वास्तविक पुराचा धोका इतरांच्या जमिनींनाही होता. आयुक्तांना आपल्या ‘डिस्क्रिशन’नुसार वागण्याचा अधिकार होता, हे खरे. तरीही हा अधिकार तर्क आणि कायदा यांच्या मर्यादेत बांधलेला आहे, असे सर एडवर्ड कोक यांच्या निर्णयवृत्तात नोंदले आहे. खरे-खोटे आणि योग्य-अयोग्य यांतील भेद ओळखण्याची समज म्हणजे ‘डिस्क्रिशन’. व्यक्तिगत इच्छा किंवा लोभ नव्हे, असा त्याचा आशय आहे. इंग्रजी परंपरेत घडलेल्या प्रशासकीय कायद्यात हे तत्त्व आजही मूलभूत मानले जाते.

म्हणून जेथे अधिकार कायद्याने दिला आहे, तेथे ‘स्वविवेक’ हा पर्याय अधिक अचूक ठरतो. ‘स्वेच्छा’ हा शब्द रक्तदानाला शोभतो, कारण तेथे देणारा आपले स्वतःचे देतो. अधिकारी जे देतो, ते त्याचे स्वतःचे नसते.

४.४ समारोप

या घटकात आपण ‘डिस्क्रिशन’चा प्रवास चाळण्याच्या क्रियेपासून पारख, अधिकार आणि संयम या अर्थांपर्यंत पाहिला. व्युत्पत्ती शब्दाचा इतिहास सांगते. अर्थाचा निर्णय वापर करतो. भाषांतर करताना एका इंग्रजी शब्दासाठी एकच मराठी शब्द ठरवून न ठेवता, संदर्भ पाहून ‘विवेक’, ‘तारतम्य’, ‘पोच’ किंवा ‘मुभा’ यांतून निवड करावी. ही निवड म्हणजेच भाषांतरकाराचे डिस्क्रिशन होय.

४.५ स्वाध्याय

१. ‘डिस्क्रिशन’च्या अर्थपरिवर्तनाचे तीन टप्पे सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘क्रेइ’ आणि ‘विच्’ यांतील साम्याचे स्वरूप सांगा. ते वांशिक का नाही?
३. ‘विवेक’, ‘तारतम्य’ आणि ‘पोच’ हे शब्द वापरून प्रत्येकी दोन वाक्ये लिहा. शब्दांची अदलाबदल करून अर्थात काय फरक पडतो, ते नोंदवा.
४. क्षेत्रीय कार्य : तुमच्या हाती येणारी तीन शासकीय किंवा बँकेची मराठी कागदपत्रे पाहा. त्यांत ‘मर्जी’, ‘स्वेच्छा’ किंवा ‘विवेक’ यांपैकी कोणता शब्द येतो आणि तो बदलल्यास सामान्य अर्जदाराच्या दृष्टीने काय बदलेल, याविषयी सुमारे १५० शब्दांत टिपण लिहा.