दोष पोटातला

काल तुझा फोन आला तेव्हा हात कणकेत होते, म्हणून धड बोलता आलं नाही. आणि तू "अक्का, वरुणाच्या तळ्यावर हवाच खराब आहे गं, रिमोटच्या विमानाचा सिग्नल तुटतो" म्हणालीस तेव्हा मी हसले, त्याचा राग धरू नकोस. तुला नव्हते हसले. मला माझंच एक जुनं पाप आठवलं. सांगते, पण आप्पांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

तू तेव्हा चौथीत असशील. मी कॉलेजातून थर्माकोलचं विमान उडवायचे, ब्रशवाली मोटर लावून. हातातले रेडिओ सेट एफएमचे असायचे. त्यात क्रिस्टल खोचायचं आणि क्रिस्टलवर चॅनेलचा आकडा. दोघांचा आकडा एक निघाला की एकाचं विमान गेलंच म्हणून समज. त्यासाठी एका फळीवर आकडे लिहून ठेवलेले असत. आपल्या आकड्यावर कपड्यांचा चिमटा लावायचा, आणि तो चिमटा निघाल्याशिवाय दुसऱ्याने त्या आकड्याचा सेट चालू करायचा नाही.

एका रविवारी वळण घेता घेता माझं विमान थरथरलं, नाक खाली घातलं आणि सरळ तळ्यात. काठावर एक मुलगा नुकताच सेट काढून बसला होता. मी चारचौघांत त्याला फाडून खाल्लं. बिचारा आपलं क्रिस्टल काढून दाखवत होता, आकडा वेगळा होता, पण मी बघितलंसुद्धा नाही. आठवड्याने ते भिजलेलं धूड उघडलं तर मोटरवर रेडिओचा गोंगाट दाबणारा एकही कपॅसिटर नव्हता. वर रिसीव्हरची लांब अँटेना मी मोटरच्या वायरींसोबत एकाच टेपने गुंडाळली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून! ब्रश घासताना ज्या ठिणग्या पडतात, त्यांचा सगळा गोंगाट मी स्वतःच्या हाताने रिसीव्हरच्या कानात ओतत होते. त्या मुलाला मी आजतागायत सॉरी म्हटलेलं नाही.

म्हणून म्हणते, हवेला नावं ठेवण्याआधी विमानाचं पोट उघड. तुझा सेट 2.4 गिगाहर्ट्झचा आहे, तो एका आकड्यावर अडून बसत नाही, सेकंदात कितीदा तरी जागा बदलतो. उड्या मारत बोलायच्या या युक्तीचं एक पेटंट 1942 साली हेडी लमार या सिनेनटीने एका संगीतकारासोबत घेतलं होतं, माहीत आहे का तुला? आपल्या घरात नटीचं नाव काढलं की आजी नाक मुरडायची, म्हणून मुद्दाम सांगितलं. तर सांगायचं हे की शेजाऱ्याच्या सेटमुळे विमान पडायचे दिवस आता जवळजवळ संपलेत. घरातला गोंगाट मात्र आहे तिथेच आहे.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. अगं, काय हे! बॅटरी नाकात बसावी म्हणून तू तिची लाल-काळी वायर वीतभर वाढवलीस. इथेच थांब. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, तिला वीज सलग देत नाही, सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. लांब वायरीतला प्रवाह भरल्या बैलगाडीसारखा असतो, थांब म्हटलं की जागेवर थांबत नाही. प्रत्येक वेळी तोडलं की मागून धक्का येतो, व्होल्टेज उसळतं. तो धक्का ईएससीच्या तोंडाशी असलेले कपॅसिटर गिळतात, गिळून गिळून तापतात आणि एक दिवस फुगून जातात. वायर वाढवायचीच असेल तर मोटरकडच्या तीन वाढव आणि बॅटरीकडच्या आखूड ठेव. अगदीच इलाज नसेल तर ईएससीजवळ लो-ईएसआरचे जादा कपॅसिटर सोल्डर कर, पण ते प्लस-मायनस बघून, 3 सेलच्या बॅटरीला निदान 25 व्होल्टचे. उलटे लागले तर फटाका वाजेल.

आणि लाल-काळीला पीळ दे. आई तुझी वेणी घालायची तसा, घट्ट पण न ताणता. एकीतून प्रवाह जातो, दुसरीतून परत येतो. दोघी अंगाला अंग लावून असल्या की एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरी खोडते. तुझ्या फोटोत एक डावीकडून गेलीय, एक उजवीकडून, आणि मधल्या मोकळ्या जागेत रिसीव्हर बसलाय. म्हणजे त्याच्याभोवती तू लाऊडस्पीकरच बांधलास की! पंखातल्या सर्वोच्या, म्हणजे पात्या हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या, लांब वायरींनाही असाच पीळ हवा. उरलेल्या वायरीचं वेटोळं करून रिसीव्हरवर चिकटवलंयस ते आधी काढ.

काळी फेराइट रिंग लाव असं तुला कुणीतरी सांगितलंय ना? चांगली असते, पण ताईत म्हणून बांधू नकोस. सर्वोच्या तिन्ही वायरी एकत्र धरून तिच्यातून चार-पाच वेढे काढायचे, तेही लांब वायर असेल तिथेच आणि रिसीव्हरच्या बाजूला. एकच वायर नुसती ओवून काही साधत नाही. वेढे दुप्पट झाले की परिणाम साधारण चौपट होतो.

अँटेनाचं मात्र मनावर घे. 2.4 गिगाहर्ट्झची लाट साडेबारा सेंटीमीटरची. अँटेनाच्या टोकाला जो 31 मिलिमीटरचा उघडा तुकडा असतो तो तिचा पाव हिस्सा, आणि ऐकण्याचं काम तेवढाच तुकडा करतो. तो कापायचा नाही, दुमडायचा नाही, बॅटरीखाली दडपायचा नाही. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात. कार्बनच्या नळीला तर शिवूच देऊ नकोस, कार्बन वीज वाहून नेतो आणि अँटेनाला झाकून टाकतो. हातातल्या सेटच्या अँटेनाचं टोकही विमानावर रोखू नकोस, टोकाच्या दिशेलाच ती सगळ्यात कमी बोलते.

हे सगळं केलंस तरी माझा खरा संशय दुसऱ्यावरच आहे. तू म्हणालीस, वळणावर एक-दोन सेकंद विमान ऐकतच नाही, मग आपोआप शुद्धीवर येतं. गोंगाटानेही सर्वो अडखळू शकतात, पण नेमकं वळणावरच असं गप्प होणं वेगळं. हे उपासमारीचं लक्षण आहे. वळताना चारही सर्वो एकदम जोर लावतात, ईएससीतला, रिसीव्हर आणि सर्वोंना वीज पुरवणारा छोटा बीईसी 5 व्होल्ट पेलू शकत नाही, व्होल्टेज खाली बसतं आणि रिसीव्हरला घेरी येते. उठून पुन्हा सेटला ओळखेपर्यंत विमान निराधार. मल्टिमीटर रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला लाव आणि दोन्ही स्टिक जोरजोरात फिरव. मल्टिमीटर जरा आळशी असतो, क्षणाची बुडी त्याला दिसत नाही, म्हणून त्यावर साडेचार दिसले तरी आत त्याहून वाईट चाललंय असं समज. वेगळा, दणकट बीईसी घे, पण ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या प्लगमधली लाल पिन काढून टेपने गुंडाळ, नाहीतर दोन बीईसी आपसात भांडतील. बेंगळुरूला एस. पी. रोडवर मिळेल. कधी पुण्याला गेलीस तर बुधवार पेठेतही.

सोल्डरसाठी दुकानातलं ॲसिड उचलू नकोस हां. आपण गलाईवाल्यांची, सोनं-चांदी गाळणाऱ्यांची पोरं, मूस आणि ॲसिड बघतच वाढलो, पण ते सोन्याचं झालं. वायरीला ॲसिड लागलं तर महिन्यात तांबं हिरवं पडतं. राळेचं फ्लक्स वापर.

आता वरुणाच्या तळ्याचं. तिथून मंडकळ्ळीचा विमानतळ काही फार लांब नाही, तेव्हा कुठे उडवायला परवानगी आहे ते दाखवणाऱ्या सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर त्या जागेचा रंग बघितल्याशिवाय जाऊ नकोस. बोटी चालू असतील तर पाण्यावर उडवूच नकोस. सेटमध्ये फेलसेफ लाव, सिग्नल गेला की मोटर बंद. मोटर शेवटच्या वेगावर अडकून राहिली तर तीच जीव घेईल.

आणि उडवण्याआधी रेंज टेस्ट. सेट रेंज चेकवर टाक, म्हणजे त्याची ताकद उतरते, आणि तीस पावलं मागे जा. आधी मोटर बंद ठेवून, मग पूर्ण वेगात, सर्वो हलवत राहायचं. मोटर चालू झाल्यावरच सर्वो अडखळले तर गोंगाट पोटातला. पण तेव्हा विमान धरायला दुसरं माणूस लागतं. आप्पांना घेऊन जा. मूस धरणारे हात आहेत ते, हलायचे नाहीत. शेपटीकडून, पंखांच्या मागे घट्ट धरायला सांग, पंख्याच्या रेषेत त्यांना उभं करू नकोस आणि लुंगीचा सोगा खोचून घ्यायला लाव. ते विचारतील, अक्काचं विमान कसं गं पडलं होतं? तिलाच विचारा म्हण.