आमचा वाघ्या

तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. महाप्रस्थानाची कथा या काळात किती वर्गांना सांगितली असेल, याची गणती नाही. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी आणि चार भाऊ एकामागून एक कोसळतात. अखेर धर्मराज आणि त्याच्या मागून आलेला एक कुत्रा एवढेच उरतात. इंद्र रथ घेऊन येतो, परंतु कुत्र्याला सोडून स्वर्गात यावयास धर्मराज नकार देतो. हे सांगताना माझा कंठ दाटून येई आणि सारा वर्ग स्तब्ध होई. त्या कथेची खरी परीक्षा मात्र मला सेवानिवृत्तीनंतर द्यावी लागली, आणि माझी परीक्षक होती बारा वर्षांची माझी नात, मुक्ता.

मुक्ताला कुत्रा हवा होता. विकत घेण्यापेक्षा एखाद्या निराश्रित जिवाला घर द्यावे, असे आम्ही ठरवले आणि एका रविवारी साताऱ्याबाहेरच्या प्राण्यांच्या आश्रयस्थानी गेलो. माझ्या मनात एखादे गुबगुबीत पिल्लू होते. पिल्ले होतीही, आम्हाला पाहताच ती जाळीपाशी धावत आली. एक कुत्रा तेवढा जागचा हलला नाही. कोपऱ्यात गोणपाटावर तो पडून होता. रंग तांबूस, तोंडाभोवतीचे केस पांढरे, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आलेल्या आणि डोळ्यांवर सायीसारखे पटल.

"हा नऊ-दहा वर्षांचा असावा," तेथील सेवक म्हणाला. "कोणीतरी रस्त्यावर आणून सोडला. गळ्यात पट्टा होता. याला मधुमेह आहे. सकाळ-संध्याकाळ सुई द्यावी लागते. म्हणून याला कोणी नेत नाही."

मुक्ता त्याच्यापाशी जाऊन बसली. मी म्हणालो, "अगं, तुझ्या आजीलाही मधुमेह आहे. घरात एका माणसाची सुई आहे, तेवढी पुरे. शिवाय हा म्हातारा आता किती दिवसांचा सोबती?"

मुक्ताने मान वर करून विचारले, "आजोबा, धर्मराजांच्या मागून गेलेला कुत्रा तरुण होता की म्हातारा?"

व्यासांनी ते सांगितलेले नाही, आणि धर्मराजानेही ते विचारलेले नाही. मी निरुत्तर झालो. संध्याकाळी तो कुत्रा आमच्या घरी आला.

त्याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. मुक्ता त्याच्यासमोर बसून एकेक नाव उच्चारू लागली. मोती, राजा, टिप्या. तो स्तब्धच होता. "वाघ्या" म्हणताच त्याचे दोन्ही कान ताठ झाले आणि शेपटी एकदाच जमिनीवर आपटली. पहिल्या घरातून त्याने बरोबर आणलेली वस्तू एवढीच होती!

दुसरी एक गोष्टही त्याने आणली होती, ती हळूहळू कळली. मुक्ताच्या आजीने केर काढावयास केरसुणी उचलली, की वाघ्या भिंतीला चिकटून थरथर कापे. पशुवैद्यांना आम्ही हे सांगितले, तेव्हा ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मधुमेहात रक्तातील साखर शरीराला नीट वापरता येत नाही. ती लघवीवाटे बाहेर पडते आणि जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून अशा कुत्र्याला सारखी तहान लागते आणि सारखी लघवी होते. भरपूर खाऊनही तो वाळतो. शिकवलेला कुत्रा एकाएकी घर घाण करू लागला, म्हणून याने मार खाल्ला असावा. तो उद्धट झाला नव्हता. तो आजारी पडला होता."

हे ऐकून मला माझ्या वर्गातील शेवटच्या बाकावरची काही मुले आठवली. त्यांना मी आळशी म्हणून उभे केले होते. त्यांपैकी किती जणांना फळ्यावरची अक्षरेच दिसत नसतील, हे मी कधी विचारले होते?

डॉक्टरांनी आणखी एक हकिकत सांगितली. 1889 साली जर्मनीतील दोन वैद्यांना कुत्र्यांवरील प्रयोगातून दिसून आले, की स्वादुपिंड काढून टाकले असता मधुमेह होतो. 1921 साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन मिळवले, आणि 1922 च्या जानेवारीत ते प्रथम एका मुलाला टोचण्यात आले. त्या प्रयोगांत कित्येक कुत्र्यांचे प्राण गेले. मुक्ताची आजी लक्षपूर्वक ऐकत होती. घरी येताच तिने वाघ्याला आपल्याजवळ घेतले आणि म्हणाली, "आठ वर्षे मी याच्या भाऊबंदांच्या उपकारावर जगते आहे. याची सुई मीच देईन."

वाघ्याचा दिनक्रम घड्याळाच्या काट्यावर बसवला गेला. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला त्याचे ठरीव जेवण, आणि ते संपले की मानेजवळची सैल कातडी चिमटीत धरून सुई. औषध शीतकपाटात ठेवावयाचे, गोड पदार्थ मुळीच द्यावयाचा नाही, आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून मात्रेत बदल करावयाचा नाही. मोतीबिंदूमुळे त्याला अंधूकच दिसे. म्हणून घरातील खुर्च्या आणि त्याचे पाण्याचे भांडे यांची जागा आम्ही कधी हलवली नाही. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरत. तेथे जुन्या सतरंज्या अंथरल्या. महिनाभरात त्याने वासावरून सारे घर ओळखले. दोन महिन्यांनी त्याच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. केरसुणीची भीती जावयास मात्र अर्धे वर्ष लागले.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. मुक्ताची आजी बहिणीकडे कोल्हापूरला गेली होती. मला एका स्नेह्याकडे जाण्याची घाई होती. मी वाघ्यासमोर ताटली ठेवली, सुई दिली आणि निघालो. त्याने अन्नाला तोंडही लावले नव्हते; मी मागे वळून पाहिले नाही. पोटात अन्न नसताना इन्सुलिन दिले, तर रक्तातील साखर धोक्याच्या मर्यादेखाली उतरते. काही वेळाने वाघ्या झोकांड्या खाऊ लागला, थरथरला आणि पडला. घरी मुक्ता होती. डॉक्टरांच्या सूचना तिने भिंतीवर लिहून लावल्या होत्या. तिने बोटाने त्याच्या हिरड्यांना मध चोळला, शेजाऱ्यांना हाक मारली आणि त्यांच्या मोटारीतून त्याला दवाखान्यात नेले. मी धावतपळत तेथे पोचलो, तेव्हा वाघ्याने डोळे उघडले होते. माझा वास येताच त्याने शेपटी हलवली. त्या क्षणी जो खजील झालो, तसा मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

मुक्ता मला एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक वही आणली आणि त्यावर लिहिले, 'वाघ्याचे हजेरीपत्रक'. त्यात रकाने आखले: तारीख, जेवण संपले काय, पाणी, सुई, सही. त्या दिवसापासून जेवणाच्या रकान्यात खूण झाल्यावाचून सुईला हात लावावयाचा नाही, असा नियम झाला. तीस वर्षांच्या नोकरीत इतरांची हजेरी तपासणारा मी, रोज त्या वहीत निमूटपणे सही करू लागलो.

मुलांनो, पाळलेल्या प्राण्याला रस्त्यावर सोडून देणे आपल्या देशात 1960 सालच्या कायद्याने गुन्हा ठरतो. 1976 साली आपल्या संविधानात मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांपैकी एक आहे. परंतु दया म्हणजे डोळ्यांत येणारे पाणी नव्हे. ते माझ्या डोळ्यांत तीस वर्षे येत होते. दया म्हणजे घड्याळात सात वाजले की उठणे आणि ताटली रिकामी झाली की नाही ते वाकून पाहणे. आणि ज्याला हे रोज जमणार नसेल, त्याने प्राणी घरी न आणणे, हीदेखील दयाच होय.

वाघ्या आमच्या घरी दोन वर्षे राहिला. एका हिवाळ्यातील पहाटे तो मुक्ताच्या आजीच्या पायांशी झोपेतच गेला. हजेरीपत्रकात आदल्या संध्याकाळच्या सर्व रकान्यांत खुणा होत्या.

एक महिन्यानंतर माझ्या मेजावर एक नवी वही दिसली. रकाने आखलेले होते. वहीवर 'हजेरीपत्रक' एवढेच लिहिले होते; नावाची जागा मुक्ताने मोकळी ठेवली होती.

शब्दार्थ

महाप्रस्थान – अखेरचा प्रवास
निराश्रित – ज्याला आसरा नाही असा
पटल – पातळ पडदा
निरुत्तर होणे – उत्तर न सुचणे
खजील होणे – ओशाळणे
निमूटपणे – काही न बोलता

स्वाध्याय

1. वाघ्याला त्याचे नाव कसे परत मिळाले?
2. वाघ्या केरसुणीला का भीत असे? डॉक्टरांनी त्याचे कोणते कारण सांगितले?
3. 'याच्या भाऊबंदांच्या उपकारावर जगते आहे,' असे आजी का म्हणाली?
4. लेखकाच्या हातून कोणती चूक घडली? ती पुन्हा घडू नये म्हणून मुक्ताने काय केले?
5. 'दया म्हणजे डोळ्यांत येणारे पाणी नव्हे.' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
6. वाक्यात उपयोग करा: कंठ दाटून येणे, पाठ फिरवणे, झोकांड्या खाणे.
7. तुमच्या घरात किंवा शेजारी एखादा म्हातारा प्राणी असेल, तर त्याच्या दिवसभराच्या गरजांचे असेच हजेरीपत्रक तयार करा.