वकिलांवर अंकुश कोणाचा?

प्रश्न : माझ्या वकिलांनी दाव्याचे दस्तऐवज अडकवून ठेवले आहेत. बार कौन्सिलचे अध्यक्ष स्वतः न्याय देतील काय?

उत्तर : नाही. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमान्वये महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचे सभासद वकिलांच्या मतदानाने निवडून येतात व अध्यक्ष-उपाध्यक्षांची निवड कौन्सिलच करते. परंतु तक्रारीत तथ्य असल्याचे सकृद्दर्शनी दिसल्यास कलम ३५ अन्वये ती शिस्तपालन समितीकडे सोपविली जाते. कौन्सिलचे दोन सभासद आणि बाहेरील एक अनुभवी वकील अशा या त्रिसदस्य समितीस उभय पक्षांची बाजू ऐकून वकिलास ताकीद देण्याचा, त्याची सनद काही मुदतीपुरती तहकूब ठेवण्याचा, अथवा नामावलीतून त्याचे नाव कमी करण्याचा अखत्यार आहे. निर्णय अमान्य असल्यास साठ दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे अपील करता येते. तेव्हा वकालतनामा व पावत्यांच्या नकला जोडून, हकीकत तारीखवार मांडून, सही व सत्यापनासह अर्ज निःशंकपणे दाखल करा. अशिलाचा विश्वास अबाधित राखणे हेच या संस्थेचे आद्य कर्तव्य होय.