पावणेदोनशे पुड्यांचा हिशेब



बाबू, फोनवर म्हणालास, "मामा, तोंडी हिशेबाची अशी युक्ती सांगा की वर्गातले पोट्टे पाहतच राहतील." सांगतो. मिरवायची हौस वाईट नाही, त्या निमित्तानं डोकं चालतं. पण कुणी "कसं केलंस?" विचारलं तर गुपित म्हणून गप्प बसायचं नाही. कारण सांगता येत नसेल तर ती युक्ती अजून तुझी झालेली नाही.

शेवटी पाच असलेल्या संख्येचा वर्ग घे. ३५ गुणिले ३५. तीनला पुढच्या चारनं गुण, झाले बारा. त्यापुढे पंचवीस लिही. १२२५. आता चौकटींची वही काढ आणि ३५ घरं लांब, ३५ घरं रुंद असा चौरस आख. उजवीकडून पाच घरं रुंदीची उभी पट्टी काप. तिच्या टोकाचा पाच बाय पाचचा तुकडा बाजूला ठेव. उरलेली ३० घरांची पट्टी आडवी करून खाली जोडली की ३० बाय ४० चा आयत होतो. त्याची १२०० घरं आणि बाजूच्या तुकड्याची २५. एवढंच! ६५ चं तू स्वतः करून बघ.

दुसरी युक्ती आपल्या मराठी मास्तरांची. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिकवायचे. आकड्यांशी खेळणं हाच त्यांचा छंद, आणि बड्या गणितज्ञांनी बरीच वर्षं त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. आधी चिठ्ठीवर ६१७४ लिहून ती मित्राच्या खिशात ठेव. त्याला चार अंकी संख्या घ्यायला सांग, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, मग चढत्या क्रमानं, आणि वजाबाकी. उत्तराचं पुन्हा तसंच. फार तर सात वेळा केलं की ६१७४ येतंच. ३५२४ घेतलं तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. फसायची जागा एकच. २१११ घेतलं तर पहिल्याच वजाबाकीत ९९९ येतात. तिथं ०९९९ लिहायचं. शून्य गाळलं की चिठ्ठी खोटी पडते.

पण बाबू, मुलचेऱ्यात खरी कसोटी मे महिन्यात, तेंदूपानांच्या फळीवर, म्हणजे पानांच्या खरेदीच्या जागी. आपल्याकडे पुडा ७० पानांचा आणि भाव शेकड्यानं. समज, शेकडा पुड्यांना ४२० रुपये भाव आहे आणि आईनं १७५ पुडे आणले. तू गुणाकार मांडत बसशील, तोवर हिशेब लिहिणारे दिवाणजी पुढच्या ओळीला गेलेले असतील. तू पावणेदोन शेकडे म्हण. दोन शेकड्यांचे ८४०, त्यातून पाव शेकड्याचे १०५ वजा. ७३५. यात आणखी एक सोय आहे. उत्तर ८४० च्या आतलंच हे आधीच कळलेलं असतं, म्हणून मोठी चूक लपत नाही.

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढेच घोकून घेत. १९५७ साली दशमान नाणी आली, सोळा आण्यांचा रुपया गेला आणि हळूहळू हे पाढेही गेले. मला ते जाणं पटलेलं नाही. शेतकऱ्याच्या, मजुराच्या हिशेबात पाव-पाऊण अजून रोज येतात. तुझ्या सुंदरनगरच्या बंगाली मित्रांना त्यांचा नामता, म्हणजे पाढे, म्हणायला लाव. सव्वा, दीड, अडीच त्यांच्याकडेही आहेत. आधी पंचवीसपर्यंतची सवायकी कर, बाकीचं नंतर.

शाळेत ज्याला पाढे येत नाहीत त्याच्यासमोर मात्र ही करामत करू नकोस. त्याच्याशेजारी बस आणि कापरेकरांची वजाबाकी त्याच्या हातून करून घे. त्यात नुसती वजाबाकी लागते, आणि शेवटी ६१७४ त्याच्याच वहीत उतरतं.

फळीवर दिवाणजींनी कार्डावर लिहिलेला आकडा तुझ्या आकड्याशी जुळला नाही तर आवाज चढवू नकोस. "दिवाणजी, एकदा पुडे परत मोजू" एवढंच म्हण, आणि मोजताना आईला शेजारी उभी कर. तिला हिशेब कळत नाही असं समजू नकोस. बाजारात ती तुझ्याआधी पैसे मोजून मोकळी होते.

६५ चा वर्ग आकृती काढून पाठव.

तुझा,
मामा