भेटीची चिठ्ठी

लग्नातील आहेराचा सोहळा तुम्ही पाहिला असेलच. उमरग्यासारख्या गावी लग्न लागून पंगती उठू लागल्या, की मांडवाच्या एका बाजूस कोणी वडीलधारे गृहस्थ वही उघडून बसतात. आलेल्या प्रत्येक वस्तूवर एक चिठ्ठी अडकवलेली असते. तिच्यावरील नाव मोठ्याने वाचले जाते आणि वहीत उतरवले जाते. आमचा तालुका कर्नाटकाच्या सीमेला लागून असल्यामुळे आळंद, बसवकल्याणकडील सोयऱ्यांच्या काही चिठ्ठ्या कन्नडमध्ये असतात. मग ती लिपी जाणणाऱ्या माणसाची शोधाशोध सुरू होते. पण त्याहून मोठी पंचाईत होते ती चिठ्ठी वाटेतच गळून पडली तर. पातेले समोर असते. पण ते कोणी आणले, हे कोणालाच सांगता येत नाही. देणाऱ्याच्या घरी पुढे कार्य निघाले, तर आपण काय न्यावे, हेही मग कळत नाही.

अशी चिठ्ठी बाजारात छापील मिळते. ती गुळगुळीत असते, रंगीत असते आणि बहुधा विवाहाची पत्रिका छापणाराच ती देतो. परंतु घरातील रद्दी आणि हातभर सुतळी एवढ्यावर ती स्वतः करता येते, आणि ती करताना दोन फार जुन्या विद्यांशी आपला परिचय होतो.

कागद आणि दोर ही एकाच घरची भावंडे आहेत. दोघांचाही जीव वनस्पतीच्या तंतूत असतो. चीनमध्ये इसवी सनाच्या १०५ व्या वर्षी त्साय लुन याने बादशहाला कागद करण्याची रीत निवेदन केली, तेव्हा त्याच्या सामग्रीत झाडाची साल आणि चिंध्या यांबरोबर मासे पकडण्याची जुनी जाळीही होती. आपल्या मराठवाड्यातही तेच घडले. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा नावाचे गाव लागते. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास आपली राजधानी देवगिरीस आणली, त्या काळापासून कागद करणारी कुटुंबे येथे नांदली, असे परंपरा सांगते. हे कारागीर चिंध्या, फाटकी गोणपाटे आणि झिजलेले दोरखंड कुटून त्यांचा लगदा करीत. गवताच्या काड्यांच्या बारीक चटईवर तो पाण्यातून अलगद उचलीत. ओले ताव भिंतीला चिकटवून वाळवीत आणि गुळगुळीत दगडाने घोटून त्यांना चकाकी आणीत. विहिरीची मोट ओढून ओढून जो दोर निकामी झाला, त्याच्यावर पुढे एखादे फर्मान लिहिले गेले असेल! जुन्नरचा कागदही पेशवाईत असाच नावाजलेला होता. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि ही विद्या मागे पडली. गांधीजींच्या प्रेरणेने ग्रामोद्योगांना पुन्हा चालना मिळाली, तेव्हा १९४० साली पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली.

आता आपल्या चिठ्ठीकडे वळू. लिहून संपलेल्या वहीची पाने घ्या. चकचकीत आवरणे घेऊ नका, ती पाण्यात नीट विरत नाहीत. पानांचे नखाएवढे तुकडे करून रात्रभर भिजत घाला. सकाळी ते खलबत्त्यात कुटा किंवा रवीने घुसळा. लगदा ताकासारखा पातळ करून पसरट घमेल्यात ओता. लाकडी चौकटीवर डासांची जाळी ताणून बसवली, की चाळणी तयार झाली. ती घमेल्यात आडवी बुडवून सरळ वर उचला आणि पाणी निथळण्यापूर्वी हलकेच डावीउजवीकडे हलवा. या हलवण्यात सारे कौशल्य आहे. त्यामुळे तंतू एकमेकांत गुंततात आणि सुकताना एकमेकांना घट्ट धरतात. त्यासाठी वेगळा गोंद लागत नाही. चाळणी जुन्या सुती कापडावर उपडी करा, वर दुसरे कापड घाला, पाटा ठेवून पाणी दाबून काढा आणि ताव सावलीत वाळवा. अशा कागदावर शाई मात्र पसरते. म्हणून तांदळाची पातळ खळ दोन्ही बाजूंना लावून तो पुन्हा वाळवावा आणि काचेच्या बाटलीने घोटावा.

मी शाळेत असताना मुलांकडून अशा चिठ्ठ्या करून घेत असे. पहिल्या वर्षी आमची चांगलीच फजिती झाली. चिठ्ठ्या देखण्या झाल्या, पण सुतळी ओवून जरा ओढताच भोके फाटली. वहीच्या कागदातील तंतू मुळात आखूड. कुटल्याने ते आणखी आखूड होतात. तेव्हा आम्ही जुन्या सुतळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, धुण्याच्या सोड्यात उकळले, स्वच्छ धुतले, बत्त्याने ठेचले आणि मूठभर लगद्यात मिसळले. शिवाय भोकाच्या जागी मागून पुठ्ठ्याची एक टिकली चिकटवली. मग भोक फाटेना.

सुतळीसाठी आमच्याकडे पूर्वी बाजारात जावे लागत नसे. शेताच्या कडेने अंबाडी असे. तिचे ताट पाण्यात कुजवून साल सोलीत, आपटून धूत आणि वाळलेल्या वाखाचे दोर वळीत. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजाने केले. शेतकऱ्याची मोट, बैल, गाडी सारे त्यांच्या हातच्या दोरावर चालत असे. आपण दोन पदर घेऊन तीच रीत करून पाहावी. दोन्ही पदर उजवीकडे पिळा, मग एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळा. एक पीळ उलगडू पाहतो, तर दुसरा त्याला अडवतो. म्हणून हात सोडला तरी सुतळी सुटत नाही.

सुतळी दुमडून तिचा फास भोकातून काढा आणि दोन्ही टोके त्यातून ओवून घ्या. भेट हातोहात द्यायची असेल, तर ती वस्तूस सुरगाठीने बांधा, म्हणजे घेणाऱ्याला कात्री शोधावी लागत नाही. लांब जाणाऱ्या गाठोड्यास मात्र निरगाठच हवी. सजावटीला सुतळीचे एखादे फूल पुरे. अक्षर सुतळी ओवण्याआधी काढावे. नावाखाली गाव लिहिण्यास विसरू नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा सास्तूर उमरगा तालुक्यातच होते. मदतीची गाठोडी ठिकठिकाणांहून आली. ती उतरवून घेण्याच्या कामावर आम्ही काही तरुण शिक्षक होतो. एका गाठोड्यात हातशिलाईची गोधडी निघाली. तिला सुतळी होती, पक्की निरगाठ होती आणि त्या गाठीत अडकलेला कागदाचा एक कोपरा होता. त्यावर मुलाच्या हातचे एकच अक्षर उरले होते, 'स'. गोधडी एका म्हाताऱ्या आजींना मिळाली. थंडी सरल्यावर त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, ज्यांनी ही धाडली त्यांना दोन ओळी लिवा." मी कागद पुढे ओढला, आणि पत्ता कोणता घालावा ते त्यांना विचारू लागलो.